तीन मिनिटांची घंटा

३ मार्च, सोमवार

बावीस वर्षं नगरसभेच्या सभांचं इतिवृत्त लिहितेय. म्हणजे दुसऱ्यांच्या बडबडीची सरळ वाक्यं करतेय. आता थोडी माझीही बडबड कुठेतरी उतरू दे, नाहीतर डोकं फुटेल.

कारण एकच, चौकशीबाई. हे नाव मीच ठेवलंय. बाहेरगावची वकील, तासावर पैसे घेणारी. गावचं पोलीस ठाणं नगरसभेच्या हाताखाली, त्यामुळे तिथल्या भानगडीही आमच्याच गळ्यात. नोव्हेंबरातल्या एका रविवारी ठाण्याच्या कोठडीत एका प्लंबरला मारलं आणि त्याचा डावा कान कायमचा गेला, अशी तक्रार आहे. मारणारा म्हणे हवालदार. हा हवालदार म्हणजे माझा धाकटा दीर, आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहणारा. शाबीत झालं तर नोकरी जाणार, वर खटला. त्यासाठी ही बाई आणलीय आणि तिच्या तासांचे पैसे गाव भरणार.

भाऊजींना मी आज ओळखते का? लग्न होऊन आले तेव्हा ते शाळेत होते. त्यांचे डबे मी भरलेत. ज्या रविवारचं हे सगळे बोलतात, तो रविवार मला चांगला आठवतो. सासूबाईंना डोळ्याच्या ऑपरेशननंतर घरी आणायचं होतं आणि ह्यांना नेमका ताप. भाऊजी संध्याकाळी ड्यूटीवरून तसेच गाडी घेऊन आले. उजवा हात हा एवढा सुजलेला. जीपच्या दारात सापडला म्हणाले. मी रुमालात बर्फ गुंडाळून अर्धा तास शेकला. तशा हातानं त्यांनी आईला उचलून पायऱ्या चढवल्या. आणि आमची छकू, पोटची पोर, तिला नेमकं त्याच दिवशी कुणाच्या तरी बदली पाळी करायला ठाण्यात जायचं होतं. ठाण्याच्या टेलिफोनवर बसते ती. ही नोकरीसुद्धा काकानंच लावून दिली. असा माणूस कुणाचा कान फोडेल?

आज सभेत नागरिकांच्या वेळेत प्लंबरची बहीण उभी राहिली. शिवणकाम करते, बोटांना सुयांचे टोचे. नियमाप्रमाणे मी नाव-पत्ता विचारला, लिहिला, घड्याळ लावलं. माणशी तीन मिनिटं. तीन झाली की मी घंटा वाजवते आणि बोलणाऱ्यानं खाली बसायचं. दाराशी बंदोबस्ताला भाऊजीच उभे होते, नेहमीसारखे. ती त्यांच्याकडे पाठ करून बोलत होती आणि सारखी मागे वळून बघत होती. नाटकी नुसती.

मी अडीच मिनिटांतच घंटा वाजवली. कुणाच्या लक्षात आलं नाही. तिच्या आलं असावं, पण ती खाली बसली.

५ मार्च, बुधवार

चौकशीबाई कागद मागायला आली. ठाण्याच्या नोंदवह्या, पाळ्यांचे तक्ते, कोठडीच्या किल्ल्यांची वही. म्हटलं, अर्ज करा. केला. म्हटलं, साहेबांची सही लागेल. साहेब बैठकीत. मग बसा बाकड्यावर. तीन तास बसली. मांडीवर फाईल, पायाशी पाण्याची बाटली, चेहऱ्यावरची रेष हलत नाही. शिपायानं तिला चहा नेऊन दिला, त्याला मी चांगलंच झापलं.

संध्याकाळी घरी सांगितलं तेव्हा भाऊजी पोट धरधरून हसले. "वहिनी, तुम्ही असताना मला वकील कशाला लागतोय!" ह्यांनाही हसू आलं. छकू ताटावरून उठून गेली. म्हटलं, काय गं, भाजीत मीठ जास्त झालं का? तर म्हणे भूक नाही.

११ मार्च, मंगळवार

मधले दोन-तीन दिवसही बाईला बाकड्यावर बसवून आज कागदांची खोकी दिली. सगळे कागद दिले, एकही ठेवून घेतला नाही, उगाच कुणी नाव ठेवायला नको. फक्त क्रम लावला नाही. नोव्हेंबरचे तक्ते दिवाबत्तीच्या फायलींत गेले आणि किल्ल्यांची वही उद्यानाच्या खोक्यात. आता शोधत बस म्हणावं.

पोरीचं काहीतरी बिनसलंय. विचारलं की "काही नाही". आज सकाळी मी पिशवी भरत होते तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"आई, चौकशीत जे सांगतात ना, त्यांची नावं कागदावर येतात का?"

"आता नाही येत. नुसते नंबर. पण मी तर म्हणते, येऊच देत नावं. ज्या ताटात जेवायचं त्यालाच लाथ मारणारे कोण आहेत, गावाला कळू तरी दे."

"हं," म्हणाली आणि चपला घालून गेली. डबा विसरली. मी हाका मारल्या पण वळली नाही.

१७ मार्च, सोमवार

आजची सभा म्हणजे तमाशा. चौकशीबाईचं बिल आलं. अध्यक्षांनी चष्मा पुसला, बिल हातभर लांब धरलं आणि मोठ्यानं वाचायला घेतलं. साक्षी नोंदवणं, अमुक तास. कागदांचा क्रम लावणं, एकवीस तास. नगरसभा कार्यालयात बाकड्यावर प्रतीक्षा, अकरा तास.

"बाकड्यावर बसण्याचे पैसे?" अध्यक्ष तडकले.

चौकशीबाई म्हणाली, "मला बसवलं म्हणून मी बसले. मी तासावर काम करते, हे करारातच आहे."

सभासद हसले. एकानं तर टेबलावर हात आपटला. मला मात्र कानशिलं तापल्यासारखी वाटली. मी मान खाली घालून लिहीत राहिले. इतिवृत्तात लिहिलं, 'खर्चाबाबत चिंता व्यक्त करण्यात आली.' गावाचे एवढे पैसे खायला हिला लाज कशी वाटत नाही?

नंतर लोकांना बाहेर काढून बंद दाराआड सभा झाली. असल्या सभेतलं मी कागदावरही अर्धंच लिहिते आणि तोंडातून तर चकार शब्द काढत नाही. चौकशीबाईनं सांगितलं की एकूण सहा साक्षीदार झाले. पाच जणांनी काही पाहिलं नाही, ऐकलं नाही, सगळे त्या वेळी चहा प्यायला गेले होते. चौथ्यानं मात्र ऐकलंय. कोठडीबाहेरच्या भिंतीवरच्या फोनचा रिसीव्हर खाली लोंबकळत राहिला होता आणि लाइन चालू होती. नऊ मिनिटं त्या साक्षीदारानं सगळं ऐकलं.

अध्यक्ष म्हणाले, "एकाच्या ऐकण्यावर आम्ही गावाचा पैसा किती दिवस ओतायचा?" पुढच्या सभेत चौकशी बंद करण्याचा ठराव आणायचं ठरलं. चौकशीबाई म्हणाली की एवढं मारणाऱ्याचा हात सुजला असणार, तो कुणाचा, कुणी पाहिला, एवढं कळलं तर काम दोन दिवसांत आटपेल. तिच्याकडे कुणी बघितलं नाही. मीही नाही.

घरी आले ती सरळ वर गेले. बावीस वर्षांत पहिल्यांदा बंद दाराआडचं बाहेर नेलं. पण घरचा माणूस टांगणीला लागलेला असताना मी काय नियम चाटत बसू? म्हटलं, भाऊजी, जपून राहा, टेलिफोनवरच्या बाईनं तुमच्याविरुद्ध सांगितलंय. रविवारी तिथे ती विणकामवाली असते ना, सुया घेऊन बसणारी? तीच असणार. बघा, तोंडावर किती गोड बोलते.

भाऊजी बूट पुसत होते, ते पुसतच राहिले. मग म्हणाले, "त्या रविवारी विणकामवाली नव्हती, वहिनी."

"मग कोण होतं?"

"बघतो मी," म्हणाले. चहा ठेवू का विचारलं तर नको म्हणाले. आजवर माझ्या हातच्या चहाला त्यांनी नाही म्हटलेलं नाही.

२१ मार्च, शुक्रवार

ठाण्यातली माणसं कसले थिल्लर विनोद करतात! छकूच्या हेडफोनच्या दोन्ही बाजूंत कुणीतरी कापूस कोंबून ठेवला होता, घट्ट, पेन्सिलीनं दाबून. तिनं तो कापूस रुमालात घरी आणला आणि टेबलावर ठेवला. मी म्हटलं, अगं, गंमत केली असेल, एवढं काय मनावर घ्यायचं?

तेवढ्यात भाऊजी जिन्यावरून उतरत होते. दारात थांबले, कापसाकडे बघितलं. "लहानपणापासून हिचे कान तिखट," म्हणाले. हसत म्हणाले. छकू हसली नाही.

शिवाय उद्यापासून तिला टेलिफोनवरून काढून तळघरातल्या सापडलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवणार म्हणे. छत्र्या आणि किल्ल्यांचे जुडगे मोजायला. मी भाऊजींना म्हणणार आहे, जरा साहेबांशी बोला. त्यांचा शब्द चालतो तिथे.

२३ मार्च, रविवार

आजचं लिहिणारच.

सकाळी छकू बॅग भरताना दिसली. म्हटलं, कुठे? म्हणाली, विणकामवालीकडे राहायला चाललेय, तिची एक खोली रिकामी आहे. मी भडकले. भाऊजी काही म्हणोत, माझा संशय अजून विणकामवालीवरच होता. स्वतःचं घर असताना लोकांच्या दारात? त्या बाईच्या, जी तुझ्या काकाच्या...

"ती नाही," छकू म्हणाली. "चौथी साक्षीदार मी आहे."

मी पलंगावर बसले.

"त्या दिवशी तिचा मुलगा आजारी होता. तिची पाळी मी केली. आजी घरी येणार होती म्हणून तू किती बोललीस मला. आठवतंय?"

आठवत होतं. मी ते ह्याच वहीत लिहिलंय, पहिल्याच पानावर, माझ्याच अक्षरात. काय झालं होतं मला? रविवार माहीत, पाळी माहीत, टेलिफोन माहीत. बावीस वर्षं लोकांच्या बोलण्यातलं नेमकं तेवढं उचलून लिहिणारी मी, आणि माझ्याच घरातलं मला जोडता आलं नाही. की जोडायचं नव्हतं?

"मला का नाही सांगितलंस?"

"विचारलं होतं. स्वयंपाकघरात. तू म्हणालीस, नावं येऊच देत."

तिनं बॅगेची चेन ओढली, अडकली, पुन्हा ओढली.

"आई, चौकशीबाईंनी माझं नाव कुणालाच सांगितलं नव्हतं. सभेत नुसता नंबर सांगितला आणि फोनचं सांगितलं. मग काकांना कुणी सांगितलं?"

मी चादरीची सुरकुती सरळ करत राहिले. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. तिला कळलं. लहानपणी बाटली फुटली की ती माझ्याकडे अशीच बघायची, फक्त तेव्हा फोडलेली तिनं असायची.

गेली. डबा ह्या वेळी मीच भरून दिला नाही.

२६ मार्च, बुधवार

वर गेले. भाऊजींना सरळ विचारलं, तो हात जीपच्या दारात सापडला होता का?

म्हणाले, "वहिनी, त्या माणसानं मला आईवरून शिवी दिली होती."

एवढंच. जीपचं पुढे नाही, मागे नाही. मी तिथेच उभी. मग ते जवळ आले, हळू आवाजात, अगदी लाडात म्हणाले, "बर्फाचं कुठे बोलू नका हं. सोमवारी विषय संपतोच आहे. घरातलं घरात राहू दे. पोरगीही येईल परत, कुठे जाणार?"

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती मला त्या 'कुठे जाणार'नं गेली. ह्या माणसाचे मी डबे भरले. कापूस ह्यानं स्वतः कोंबला की कुणाकडून कोंबवला, मला माहीत नाही आणि आता फरकही पडत नाही.

ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी आधी खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, "भाऊ आहे गं तो माझा." मी म्हटलं, आणि ती? त्यावर हे उठून अंघोळीला गेले. तासभर नळ चालू होता.

२८ मार्च, शुक्रवार

अध्यक्षांनी बोलावून घेतलं. सोमवारचं इतिवृत्त आजच टाइप करून ठेवा म्हणाले. ही आमची जुनीच पद्धत आहे. ठराव आधी ठरलेले, मतं आधी मोजलेली, मग शेवटच्या क्षणी धावपळ कशाला? मी शेवटचं वाक्यही आधीच टाइप करून ठेवते, 'इतर कोणी बोलण्यास पुढे न आल्याने सभा समाप्त झाली.' कधी कुणी पुढे आलंच तर त्याच्यावर शाई फिरवायची. बावीस वर्षांत पाच-सहा वेळाच फिरवावी लागली असेल.

टाइप केलं. 'वाढता खर्च लक्षात घेता चौकशी थांबवण्यात येत आहे.' वाढता खर्च! त्यातला बाकड्याचा आणि खोक्यांचा खर्च माझा, आणि ह्या लोकांनी तो वरदान असल्यासारखा झेलला. आधी मला वाटायचं मी त्यांना वापरतेय. चौकशीबाईला दुपारी फोन लावला, पण तिकडून 'हॅलो' आल्यावर ठेवून दिला. घाबरट आहे मी.

१ एप्रिल, मंगळवार

काल जे झालं ते झालं तसं लिहिते. अधिकृत इतिवृत्त आता दुसरं कुणीतरी लिहील आणि त्यात काय येईल ते मला माहीत आहे.

सभागृह अर्धं रिकामं. प्लंबरची शिवणवाली बहीण त्याला घेऊन आली होती. तो उजवा कान पुढे करून बसला होता, मान वाकडी करून, कारण बोलणारे नेमके त्याच्या डाव्या बाजूला. दाराशी बंदोबस्ताला भाऊजी. ठराव वाचला. पाच विरुद्ध दोन. चौकशी बंद, अहवाल मोहोरबंद. चौकशीबाईनं फाईल मिटली आणि पेनाला टोपण लावलं. अध्यक्ष घाईघाईत म्हणाले, "नागरिकांची वेळ. कोणी नसेलच."

तिसऱ्या रांगेतून छकू उठली.

नियमाप्रमाणे मला विचारावं लागतं. "नाव आणि पत्ता," मी म्हटलं. तिनं नाव सांगितलं. पत्ता सांगताना माझ्याकडे बघितलं. पत्ता विणकामवालीच्या घराचा होता. मी लिहून घेतला, घर क्रमांकासकट, आणि घड्याळ लावलं.

ती म्हणाली, चौथी साक्षीदार मी आहे. तुम्ही अहवाल मोहोरबंद केलात म्हणून इथे सांगतेय. फोन लोंबकळत होता. आधी एक माणूस पाणी मागत होता. मग मारण्याचे आवाज. मग तो म्हणत राहिला की मला ऐकू येत नाहीये, मला ऐकू येत नाहीये. आणि एक आवाज त्याला म्हणाला की आता तरी शिव्या कमी ऐकशील.

"तो आवाज मी ओळखते," छकू म्हणाली. "त्याच आवाजानं मला सायकल शिकवली. मागून धावत सांगायचा, घाबरू नकोस, मी धरलंय."

प्लंबरची बहीण रडत होती. प्लंबरला नीट ऐकू गेलं नसावं, तो बहिणीला कोपरानं ढोसून विचारत होता, काय म्हणतेय, काय म्हणतेय.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "बाई, घंटा."

मी घंटा हातात घेतली आणि आतला लोळा बोटानं धरून ठेवला.

"बाई, तीन मिनिटं झाली."

"माझ्या घड्याळात नाही झाली," मी म्हटलं.

झाली होती. चार होत आली होती. छकू तिचं तिचं बोलून संपली आणि खाली बसली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. दाराशी भाऊजी तसेच उभे, हात पाठीमागे बांधून.

अध्यक्षांनी कागद गोळा करता करता सवयीनं विचारलं, "आणखी कोणी?" आणि उत्तराची वाट न बघता उठायला लागले. माझ्यासमोर शुक्रवारी टाइप केलेलं वाक्य होतं. त्यावर मी शाई फिरवली, मग पेन ठेवलं आणि उठले. टेबलाला वळसा घालून माइकपाशी गेले. बावीस वर्षांत त्या बाजूला मी कधी उभी राहिले नव्हते. तिथून अध्यक्ष बरेच उंच दिसतात.

"बाई, तुम्ही कर्मचारी आहात," अध्यक्ष म्हणाले.

"नागरिकही आहे. घरपट्टी भरते."

विचारायला कुणी नव्हतं, म्हणून मीच नाव सांगितलं. पत्ता सांगितला, आणि वरच्या मजल्यावर कोण राहतं तेही. मग तो रविवार, सुजलेला हात, रुमाल आणि बर्फ. बंद दाराआडचं बाहेर नेणारी मी होते हे सांगितलं. अकरा तासांचं बाकडं आणि खोक्यांचं सांगितलं. शेवटी शिवणवालीकडे वळून म्हटलं, तीन मार्चला तुमचं अर्धं मिनिट मी खाल्लं होतं.

चौकशीबाईनं पेनाचं टोपण पुन्हा काढलं होतं. अध्यक्ष काहीतरी ओरडत होते, भाऊजी दारातून दोन पावलं पुढे आले आणि तिथेच थांबले. मी बोलत राहिले. किती वेळ, मला माहीत नाही. घंटा वाजवायला खुर्चीत कुणी नव्हतं.